ज्याचं त्याला आधी सांगणाऱ्या बाई

डॉ. शरयू निगडीकर यांची आणि माझी पहिली भेट झाली, तेव्हा त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. गोष्ट वीसेक वर्षांपूर्वीची. वडूजच्या पलीकडच्या आमच्या गावातून मी एसटीने कराडला आले. तिथे स्टँडवर माझी थोरली बहीण, अक्का, तिच्या मुलाला घेऊन उभी होती. आम्ही तिघं मिळून सांगलीला बाईंच्या दवाखान्यात गेलो. अक्काचा विजू शाळेच्या वयाचा झाला होता आणि कुठलीच शाळा त्याला ठेवून घेत नव्हती. बाईंनी आम्हाला ‘बसा’ म्हटलं, स्वतःची खुर्ची खिडकीकडे वळवली आणि आमच्याकडे पाठ करून भाजलेल्या शेंगा फोडायला लागल्या. मला असा काही संताप आला म्हणता. एवढी यातायात करून यायचं आणि मनाच्या डॉक्टरीणबाईंनी शेंगा खात बसायचं, ही काय तऱ्हा झाली?

थोड्या वेळाने विजू अक्काचा पदर सोडून उठला, बाईंच्या बाजूला जाऊन उभा राहिला आणि त्याने हात पुढे केला. हात बाईंकडे, तोंड मात्र पार भिंतीकडे फिरवलेलं. बाईंनी त्या तळहातावर शेंगा ठेवल्या. अक्का ओशाळून म्हणाली, “लय लाजतंय बघा.” बाई खिडकीबाहेर बघतच म्हणाल्या, “लाजत नाही. त्याला मी हवी आहे आणि माझे डोळे नको आहेत. दोन्ही खरं आहे.” विजूबद्दल ‘खूळ’, ‘येडं’, ‘देवाचं’ असे सगळे शब्द आम्ही ऐकले होते. त्याला काय हवं आणि काय नको, हे कुणी सांगितलं नव्हतं. अक्का तिथेच रडायला लागली.

बाईंच्या अमृतमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या विद्वत्तेबद्दल आणि मानसन्मानांबद्दल अधिकारी मंडळी लिहितीलच. मी त्यांच्याकडे आधी पेशंटची मावशी म्हणून गेले, मग रागावून लांब राहिले, आणि नंतर समुपदेशक म्हणून त्यांच्याच हाताखाली काम करत राहिले. तेव्हा मी लिहिणार ते घरातलंच. संपादकांनी ‘हृद्य आठवणी’ मागितल्या आहेत. माझ्याकडे आहेत त्या फारशा हृद्य नाहीत, हे आधीच सांगून ठेवते. घरच्यांची नावं बदलली आहेत, आणि ज्यांच्याबद्दल लिहिलं आहे त्यांतल्या हयात माणसांना विचारून लिहिलं आहे. एकजण हो म्हणाली नाही, पण नाहीही म्हणाली नाही. तिच्याविषयी पुढे येईल.

विजूला जे आहे त्याला फ्रॅजाइल एक्स म्हणतात. आपल्या शरीरात पिढ्यान्‌पिढ्या उतरत येणारी जी सूत्रं असतात, त्यांतल्या एकात हा दोष असतो. चेहरा जरा लांबट, कान मोठे. आनंद झाला की विजू दोन्ही हात पंखांसारखे झाडायचा आणि भीती वाटली की अंगठ्याच्या मुळाशी चावायचा, इतका की तिथे घट्टा पडला होता. एकच वाक्य दिवसभर म्हणायचा. उसाचा ट्रॅक्टर गाणी लावत घरावरून गेला की कानांवर हात ठेवून पलंगाखाली शिरायचा, आणि गळिताच्या हंगामात अक्काच्या सासरी, कृष्णाकाठच्या त्या गावात, ट्रॅक्टर काही थांबायचे नाहीत. स्वमग्नतेची लक्षणं म्हणावीत अशीच ही सगळी, पण आत धास्तीचा एक डोह, तो वेगळाच. बाई म्हणायच्या, “हा मुलगा हट्टी नाही, घाबरलेला आहे. हट्ट मोडता येतो. भीती मोडायला गेलात तर मुलगा मोडेल.”

हे निदान एका दिवसात झालं नाही. बाईंची कामाची एक पद्धत होती आणि ती आमच्याकडच्या माणसांना मुळीच आवडायची नाही. त्या नुसत्या पोराला तपासत नसत, घरच बोलावत. “आजोबा येऊ देत, आजी येऊ देत, दोन्हीकडचे येऊ देत.” आमच्या बाबतीत ‘दोन्हीकडचे’ बोलावणं सोपं होतं, कारण दोन्हीकडं एकच होतं. अक्काला आमच्या सख्ख्या आत्तीच्या घरी दिली होती. आमच्या दुष्काळी गावातली पोर पाण्याच्या गावाला द्यायची आणि तीही मायेच्या माणसात, याहून चांगलं स्थळ आमच्याकडे कुणाला ठाऊक नव्हतं. विजू असा निघाल्यावर आत्ती मात्र येताजाता म्हणायची, “हिच्या म्हायरचं खूळ हाय ह्ये.” दाजी, म्हणजे अक्काचे मालक, एकदा तिला म्हणाले, “आये, हिचं म्हायार म्हंजी तुझंबी म्हायारच की.” आत्तीनं त्या दिवशी दाजींना जेवायला वाढलं नाही.

तर सगळे सांगलीला गेलो. बाईंनी सगळ्यांना चहा मागवला. माझे वडील, तात्या, सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. ते म्हणाले, “मी चहा घेत न्हाई.” बाईंनी विचारलं, “घेत नाही, की घेता येत नाही?” त्यांचा उजवा हात बरीच वर्षं कापायचा. कपबशी हातात धरली की खळखळ वाजायची, चहा बशीत कमी आणि धोतरावर जास्त. चालताना पाय फाकवून चालायचे, तोल जायचा. गावात सगळ्यांना माहीत होतं की सुभेदार पितात. मिलिटरीवाल्याला कँटीनची बाटली मिळते, मग हात कापणार नाही तर काय होणार? तात्यांनी आयुष्यात थेंब घेतला नव्हता. पण तसं सांगत फिरणं म्हणजे आणखी हसं, म्हणून त्यांनी चारचौघांत चहा पिणंच सोडलं होतं. हे त्यांनी आम्हा मुलींनाही कधी सांगितलं नव्हतं. बाईंनी एका प्रश्नात ते बाहेर काढलं आणि सगळ्यांचं रक्त तपासायला पुण्याला पाठवलं. माझं सोडून. मी म्हणजे नुसती सोबत आलेली.

अहवाल यायला वेळ होता, आणि त्या मधल्या वेळात आमच्या माणसांनी आपलं शहाणपण दाखवलं. नात्यात लग्न केलं की मुलं अशी होतात, हे कुणीतरी कुठल्यातरी शिबिरात ऐकलेलं. झालं. तात्या म्हणाले, “आता रगतात रगत नको.” आता हे कळायला हवं असेल, तर महेशबद्दल सांगायला हवं. महेश म्हणजे आत्तीचा धाकटा, दाजींचा भाऊ. मी पाळण्यात होते तेव्हाच आत्तीनं ‘ही माझी धाकली सून’ म्हणून माझ्या हातात चांदीचा वाळा घातला होता. आम्ही दोघांनी त्याला कधी विरोध केला नाही, कारण आम्हाला ते हवंच होतं. मला महेश आवडायचा. हे या वयात लिहायला आता लाज कसली? एका रविवारी दोन्ही घरांनी बसून ते मोडलं, अगदी शहाण्या माणसांसारखं, भांडण न करता. आणि महिन्याभरात मला परक्या घरी, कराडच्या एका मास्तराच्या मुलाला देऊन सुपारी फोडली. सगळ्यांना हायसं वाटलं. मोठं संकट टळलं म्हणून तात्या औंधला यमाईला नारळ फोडून आले.

मग अहवाल आला.

बाईंनी आधी तात्यांना एकट्याला आत घेतलं. काय बोलणं झालं, ते मला तात्यांनीच पुढे केव्हातरी सांगितलं. दोष तात्यांच्यात होता, पण अर्धवट. अर्धवट असला की माणूस धडधाकट निघतं आणि उतारवयात हात कापतात, तोल जातो, कुणाकुणाची बुद्धी आणि स्वभाव फिरतो. तात्यांकडून तो अक्कात तसाच अर्धवट आला, आणि अक्काकडून विजूत उतरताना पुरा झाला. नात्यातल्या लग्नाचा यात काही संबंध नव्हता. बापाकडे हे असलं की त्याची प्रत्येक मुलगी ते घेऊनच जन्मते. ती परक्यात द्या नाहीतर नात्यात द्या, ते तिच्याबरोबरच जाणार. तात्या म्हणाले, “म्हंजी ह्ये माझं हाय?” बाई म्हणाल्या, “तुमच्यात आहे. तुम्ही केलेलं नाही.” तात्यांना या दोन वाक्यांतला फरक शेवटपर्यंत पटला नाही.

त्यावर तात्या म्हणाले, “बाई, धाकलीला सांगू नगासा. सुपारी फुटलीया. लगीन होऊन जाऊ द्या, मग सांगा.” बाई म्हणाल्या, “सुभेदार, लग्न झाल्यावर सांगणं म्हणजे न सांगणंच. तुमचं होतं ते तुम्हाला आधी सांगितलं. तिचं आहे ते तिला सांगणार.” तात्या हुकूम देणारे गृहस्थ होते. एका बाईमाणसानं त्यांना असं तोंडावर नाही म्हणावं, याची त्यांना सवय नव्हती. ते बाहेर आले, माझ्याशेजारी बाकावर बसले आणि त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

मला आत बोलावून बाईंनी पहिल्यांदा विचारलं, “सुमन, तुझ्याविषयी एक गोष्ट मला कळली आहे. तुला ती ऐकायची आहे का? नको म्हणालीस तर तू जा, मी पुन्हा विषय काढणार नाही.” मी हो म्हटलं. काय ऐकायचं आहे ते ठाऊक नसलं की माणूस हो म्हणतंच. मग त्यांनी सगळं सांगितलं, हळूहळू, कागदावर गोल आणि चौकोन काढून. माझ्या होणाऱ्या प्रत्येक मुलाच्या वेळी चिठ्ठी टाकल्यासारखं, इकडे किंवा तिकडे. दोष उतरला तरी तो पुरा होईलच असं नाही. गर्भात असताना तपासता येतं, पुढचा निर्णय माझा. आणि शेवटी म्हणाल्या, “हे तुझं आहे. कुणाला सांगायचं, सांगायचं की नाही, हे तू ठरवायचं. मी कुणाला सांगणार नाही, आणि तू काहीही ठरवलंस तरी माझं दार बंद होणार नाही.”

मी कराडच्या लोकांना सांगितलं. थोरपणा म्हणून नव्हे. मला ते पोटात ठेवता येईना. माझी छाती धडधडायची, झोप उडाली होती. ती धास्तीसुद्धा याच दोषाची धाकटी बहीण आहे, हे मला पुढे कळलं. ते लोक चांगले होते. मास्तर म्हणाले, “पोरी, तुझा दोष न्हाई, पण आमचा एकुलता एक हाय.” कुणी आवाज चढवला नाही. साडी, नारळ सगळं रीतसर परत आलं. तोवर इकडे आत्तीनं महेशचं वाळव्याकडच्या मुलीशी ठरवलं होतं. म्हणजे ज्या कारणासाठी महेशशी ठरलेलं मोडलं ते कारण मुळात खोटंच होतं, आणि ते कळलं तेव्हा उशीर झालेला. महेशच्या लग्नात मी पंगतीत वाढायला होते. बुंदी वाढत होते. तो माझ्याकडे बघत नव्हता आणि मीही त्याच्याकडे बघितलं नाही.

मी बाईंवर रागावले. तात्यांवर नाही, आत्तीवर नाही, शिबिरात अर्धंमुर्धं ऐकून येणाऱ्यावर तर नाहीच. राग धरायला बाई सापडल्या, कारण बोललं तोंड त्यांचं होतं. अक्का विजूला घेऊन जायची, मी जात नसे. पुढे केव्हातरी बाईंचा फोन आला. “राग गेला का?” मी म्हटलं, “न्हाई.” त्या म्हणाल्या, “मग इथे येऊन धर. मला कामाला माणूस हवंय. तू समाजकार्य शिकलेली आहेस आणि घरी बसून आहेस.” मी वर्षभर गेले नाही. मग गेले. बाईंनी मला पहिल्या दिवशी दिलेलं काम म्हणजे मुलांना घेऊन आलेल्या मावश्या-आत्यांशी बोलणं. “आईशी सगळे बोलतात. सोबत आलेल्यांचं कुणी विचारत नाही,” असं म्हणाल्या. एवढ्यावरच त्यांचं क्षमा मागणं किंवा समजूत घालणं जे काय असेल ते संपलं. बाईंना गोड बोलता येत नाही. शिष्य म्हणून हा दोष मी नोंदवून ठेवते.

त्यांनी तात्यांसाठी केलेली गोष्ट मात्र मला कळायला वेळ लागला. एकदा त्या ‘औंधला यमाईला आले होते’ म्हणत अचानक आमच्या गावात उतरल्या. “दर्शन झालं का?” आईनं विचारलं. “पायऱ्या फार आहेत हो,” म्हणाल्या. म्हणजे देवळात गेल्याच नव्हत्या. मग तात्यांना म्हणाल्या, “चला सुभेदार, मला गावातला चहा पाजा.” पारावर पुरुषमाणसं बसलेली असतात, तिथे त्या तात्यांना घेऊन बसल्या. चहा आला. तात्यांचा कप खळखळ वाजायला लागला. बाईंनी तो धरायला मदत केली नाही, नजरही वळवली नाही. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तात्यांना म्हणाल्या, “तुमचा हा आजार दारूचा असता तर मला सोपं गेलं असतं. दारू सोडवता येते.” तात्यांनी निम्मा चहा सांडत का होईना, तो सगळा प्यायला.

गावाचं मन त्यामुळे बदललं, असं लिहायला मला आवडलं असतं. लोक म्हणाले, सुभेदारानं डॉक्टरणीला गाठून झाकून घेतलं. पण तात्या त्यानंतर रोज पारावर चहा प्यायला जायला लागले, आणि कोण काय म्हणतं याकडे त्यांनी लक्ष दिलं नाही. पुढे पुढे त्यांना माणसं ओळखू येईनात, आईच्या अंगावर धावून जायचे, तासन्‌तास भिंतीकडे बघत बसायचे. बाई येऊन गोळ्या बदलून जायच्या आणि आईला सांगायच्या, “हे तुमचे मालक नाहीत, हा त्यांचा आजार बोलतोय.” आई म्हणायची, “व्हय, पर मारतंय ते मालकांच्याच हातानं न्हवं का?” बाई ते कबूल करायच्या. तात्या गेले त्याला आता बरीच वर्षं झाली.

बाईंचं चुकलेलंही सांगायला हवं, नाहीतर हा गौरव खोटा होईल. विजू मिशी फुटायच्या वयाचा झाला तेव्हा फार बिघडला. दारं आपटायचा, स्वतःला चावायचा, कुणाच्या बारशाला-लग्नाला न्यायचं म्हटलं की आदल्या दिवसापासून ओकाऱ्या काढायचा. बाईंनी एक नवी गोळी दिली. त्या गोळीनं तो शांत व्हायचा तर उलट पेटला आणि एका संध्याकाळी त्याने अक्काचं मनगट मोडलं. अक्का प्लास्टरमध्ये, विजू कोपऱ्यात हात चावत बसलेला, आणि आत्तीचं चालू, “दावं लावून बांधा त्येला.” दुसऱ्या दिवशी बाई स्वतः घरी आल्या. विजूला ऐकू जाईल असं त्या आत्तीला म्हणाल्या, “औषध माझं होतं. चूक माझी आहे. त्याला बांधायचं असेल तर आधी मला बांधा.” विजूला कुणी बांधलं नाही. आता तो पंचविशीचा आहे, बरा आहे म्हणायचं. रोज संध्याकाळी महेश त्याला मळ्यात फिरवून आणतो. अक्का मात्र तेव्हापासून पूर्वीसारखी हसत नाही. तिच्या गोळ्याही बाईंच्याच आहेत, आणि लपवायचं कशाला, माझ्याही आहेत.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला घेतला, ती.

अक्काला विजूच्या पाठीवरची एक मुलगी आहे. तिच्या सांगण्यावरून नाव घालत नाही. विजूचं निदान झालं तेव्हा ती रांगत होती, सांगलीला आणलेलीही नव्हती. आता साताऱ्याला शिकते. हुशार आहे, धडधाकट आहे. तिच्यात तो दोष उतरला आहे की नाही, हे कुणालाच माहीत नाही, कारण अक्कानं तिचं रक्त कधी तपासू दिलं नाही. “मोठी झाली की तिचं ती बघंल,” असं बाईंना सांगत आली. आणि मोठी झाल्यावर गेल्या दिवाळीत मला स्वयंपाकघरात बाजूला घेऊन म्हणाली, “सुमे, पोरीला स्थळं यायला लागल्याती. तिला कायबी सांगू नगंस. तुझं वाटूळं झालं तेवढं बास हाय आमच्या घराला.”

माझं वाटोळं. इतकी वर्षं हा शब्द घरात कुणी उच्चारला नव्हता. मला राग यायला हवा होता, पण अक्काचं ते मोडून जुळलेलं मनगट माझ्या दंडावर होतं. अक्का काय मागत होती ते मला कळत होतं. तात्यांनी बाईंकडे मागितलं होतं तेच.

मी सांगलीला बाईंकडे गेले. खरं तर त्यांनी हुकूम द्यावा म्हणून गेले होते. त्यांचा नियम मला पाठ होता, त्यांनी तो एकदा म्हणून दाखवला असता की माझं काम सोपं झालं असतं. बाईंचे गुडघे अलीकडे फार दुखतात, त्या पाय स्टुलावर ठेवून बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “सुमन, तुला मी सांगितलं, ते बरं केलं का?”

मी त्यांच्याकडे बघत राहिले. ज्या बाईंनी तात्यांना तोंडावर नाही म्हटलं, त्या मला हे विचारत होत्या. त्यांच्या आवाजात शंका होती, आणि ती त्या एका दिवसाची नव्हती. मी लग्न केलं नाही, मला मूल नाही, महेशची मुलं मला आई म्हणाली असती ती आता मावशी म्हणतात, हे सगळं त्यांनी इतकी वर्षं रोज दवाखान्यात माझ्याकडे बघून मनाशी धरलं असणार. “जाते मी, गाडी चुकंल,” असं म्हणून मी उठले. बाईंनी थांबवलं नाही.

त्यानंतर काही आठवडे गेले. मी साताऱ्याला गेले. भाचीच्या खोलीवर तिच्या मैत्रिणी होत्या, त्या कॉलेजला जाईपर्यंत थांबले. मग तिला म्हटलं, “तुझ्याविषयी एक गोष्ट आहे. ती खरी आहे की नाही तेसुद्धा तपासल्याशिवाय कळणार नाही. तुला ऐकायची आहे का? नको म्हणालीस तर मी जाते.” ती माझ्यापेक्षा शहाणी निघाली. तिनं विचारलं, “ऐकल्यावर परत न ऐकल्यासारखं होता येतं का?” मी म्हटलं, “नाही.” ती खिडकीपाशी गेली, परत आली आणि म्हणाली, “सांग.”

मी सांगितलं. विजू दादाचं तिला सगळं माहीत होतं, त्याचा तिच्याशी काही संबंध असेल हे माहीत नव्हतं. तिनं एकच विचारलं, “आईला म्हाईत होतं?” मी म्हटलं, “हो.” “कवापासनं?” “तू चालायला लागायच्या आधीपासनं.” एरवी शहरातल्यासारखं बोलणारी पोर एकदम घरच्या बोलीत गेली, तेवढ्यावरून मला काय ते कळलं. ती रडली नाही. पलंगावर भिंतीला टेकून बसली, उशी पोटाशी धरून. मी किती वेळ तिथे होते, ते आठवत नाही.

अक्का तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. या लेखाचं दाजींकडून विचारलं, तेव्हाही ती हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. दाजी फोन करतात, विजूची खुशाली सांगतात आणि ठेवून देतात. भाचीनं स्थळं बघणं लांबणीवर टाकलं आहे, रक्त दिलेलं नाही. हा लेख मी तिला वाचायला पाठवला. तिनं उलट कळवलं, “माझं नाव घालू नको. मी काय ठरवलं तेही लिहू नको, कारण मी अजून काही ठरवलेलं नाही. बाकी तुझं तू बघ.” मी विचारलं, बाईंना भेटशील का? म्हणाली, “भेटले तर त्यांनाच भेटेन. दुसऱ्या कुणाकडे जाणार नाही. पण कधी, ते विचारू नको.”

तर बाई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं आहे. चारचौघांत देते आहे, कारण एकटीनं समोर बसून मला ते देता येणार नाही. बरं केलंत असं मला आजही म्हणवत नाही. बुंदीचं ते भांडं हातात घेऊन पंगतीत फिरले, ते मी विसरलेले नाही. पण तुम्ही गप्प बसला असता आणि मला ते माझ्या मुलाच्या तोंडाकडे बघून कळलं असतं, तर मी तुम्हाला मरेपर्यंत क्षमा केली नसती. सांगितलंत म्हणून नुसती रागावले. रागावलेल्या माणसाला तुमच्याकडे येऊन बसता येतं, भांडता येतं, काम करता येतं. मी तेच केलं.

आज सगळे तुम्हाला शंभर वर्षांचं आयुष्य मागतील. तुम्ही मानाल त्या देवाकडे, आणि तुम्ही मानतच नसाल तर माझ्या यमाईकडे, मीही मागते, पण माझं मागणं आपलपोटं आहे. गुडघ्यांचं ऑपरेशन आता पुढे ढकलू नका. रक्तदाबाची गोळी दुसऱ्यांना विचारता तशी स्वतः वेळेवर घ्या. कराडची सोमवारची ओपीडी कुणा धाकट्या डॉक्टरांकडे द्या, पण सांगलीच्या दवाखान्यात येणं सोडू नका. साताऱ्याहून एक मुलगी यायची आहे. तिला यायला किती वर्षं लागतील, मला माहीत नाही. तोवर तुम्ही राहायला हवं, बाई.